उजवा खांदा

आमच्या घरात सगळ्यांचा उजवा खांदा
जरा खाली.
सुईण म्हणते, जन्मतःच असतो.
मला खरं वाटत नाही,
तरी बाळाला न्हाऊ घालताना बघून घेते.

पेटी उंबराची.
नाईलकाठच्या येतेर सुतारानं घडवलेली,
आमच्या मूळपुरुषानं.
मरणारा मोठा माणूस होता. भावांकडून शपथ घेतलेली त्यानं,
की देव या लोकांना परत नेईल,
त्या दिवशी माझी हाडं मागं ठेवायची नाहीत.
येतेरनं विचारलं, कधी निघायचंय?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
म्हणून त्यानं जाड फळ्या घेतल्या.

मग पिढ्या.
दर अमावास्येला पेटीला तेल.
मधे एक पिढी अशीही होऊन गेली
जिला आत कोण आहे ते नीट सांगता येत नव्हतं.
तिच्यावर कांदे वाळत घातले,
पण तेल चुकवलं नाही.
आजोबा, शूआल, विटा थापून यायचे,
बोटांना भेगा,
मनगटानं चोळायचे फळ्या.

आणि मग एका रात्री, कणीक फुगायच्या आत, निघायचं.
शेजाऱ्यांनी सोनं घेतलं.
माझ्या बापानं, बेकेरनं, दांड्याचं एक टोक
उजव्या खांद्यावर घेतलं.

देवानं वाटेत आणखी एक शब्द दिला होता,
तो फारसा कुणी काढत नाही:
मोठ्या वयात निघालेले हे लोक
त्या देशात पाऊल टाकणार नाहीत.
देव दोन्ही शब्दांना पक्का.
चाळीस वर्षं आम्ही चाललो
आणि माणसं पुरत चाललो.
बाप गेला एका कोरड्या ओढ्यात.
त्याला पेटी नव्हती.
कोल्ह्यांसाठी वर दगड रचले, झालं.

दगड रचण्याआधी
मी त्याचा एक दात काढून घेतला.
वरचा, आधीच हलणारा;
ज्यानं तो माझ्यासाठी बदाम फोडायचा.
पेटीच्या झाकणाला गाठ निखळून भोक पडलेलं,
तिथून आत टाकला.
हे मी कुणाला बोलले नाही.
एक दात म्हणजे काही माणूस नव्हे,
आणि पाऊल तर मुळीच नव्हे.

भाऊ तापानं पडला, म्हणून यार्देन ओलांडताना
दांड्याखाली मी होते.
बाईचा खांदा? कुणीतरी म्हणालं.
तोवर पाणी बाजूला झालं होतं.

शखेमला, दोन डोंगरांच्या मधे,
त्या मेलेल्याच्या बापानं कधीकाळी
शंभर नाणी मोजून घेतलेली जमीन.
खड्डा तिथं खणला.
पेटी सोडताना आत काहीतरी खडखडलं.
सगळ्यांनी माना झुकवल्या.
मला आवाज ओळखू आला.

"एकही शब्द खाली पडला नाही,"
म्हातारे रडत म्हणाले.
खरंय. शब्द नाही पडला.
पडली ती माणसं,
वाटेवर, ओळीनं,
आणि त्यांच्यावरूनच तर शब्द
इथवर चालत आला.

हे तक्रार म्हणून सांगत नाही.
स्तुती म्हणून सांगावं, तर
तेवढा श्वास अजून जमत नाही.

आता अमावास्या आली की
हात आपोआप बुधल्याकडे जातो.
चिंधी भिजवून बसते,
आणि समोर काही नसतं.
काल उठून दाराच्या खुंटीला तेल लावलं.
माझ्या आईनं जन्मभर तंबूचा पडदाच सारला.
हे दार नवीन आहे. करकरतं.
दिवसभर मी ते उघडत होते,
लावत होते.