हललेला फोटो

केंडलमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मी बेकरीवरच्या खोलीत, गुडघ्यांवर घोंगडी,
चार हजार एकशे सिंह चाळत बसले आहे.
हिलरीला बारा हवेत.
ग्रंथालयाच्या भिंतीत तेवढेच खिळे आहेत.

आयाळ हवी, म्हणाली, जबडा हवा,
मागे सूर्य मावळत असेल तर फारच छान.
तसले आहेत माझ्याकडे. पुष्कळ.
सिंह एकटा असला की फोटो आपोआप येतो,
नुसतं बोट ठेवायचं.

पण हा एक. हललेला.
पहाट, उजेड ताकासारखा पातळ,
आणि ती म्हातारी सिंहीण, जिचा खालचा जबडा
रानरेड्याच्या लाथेनं कायमचा वाकडा,
शिकारीपाशी सगळ्यांत शेवटी आली.
गुरगुर झाली. पिल्लंसुद्धा सरकेनात.
तेव्हा दुसरी, तिच्याच वयाची, फाटक्या कानाची,
भरल्या ताटावरून उठावं तशी उठली,
आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून
घासत गेली, मानेपर्यंत, पाठीपर्यंत,
अख्खं अंग तिच्यावर टाकून.
मग रिकाम्या जागी ती जेवली. हळूहळू. एका बाजूनं.
माझा हात तिथं हलला.
लेमायाननं काही म्हटलं नाही,
फक्त थर्मासचं झाकण
आवाज न करता फिरवलं.

काल ही प्रिंट खाली बेकरीत विसरले.
विल्फ्रेड आणि त्याचा भाऊ तिथं रोज येतात;
मेंढ्या विकल्या, पहाटे उठणं विकता आलं नाही.
दोघांना एकमेकांशी बोलताना मी ऐकलेलं नाही.
विल्फ्रेडनं चष्मा वर ढकलला, फोटो नाकाशी धरला.
बहिणी, म्हणाला.
कशावरून?
भार बघ की. परकीवर असं कोण रेलतं?
भावानं त्याच्या मिशीतला साखरेचा कण
बोटानं टिपला, आणि बनचा मऊ अर्धा भाग
त्याच्याकडे सरकवला.
कॅमेरा वर राहिला होता. बरं झालं.

हिलरीला अकरा पाठवलेत.
बाराव्याचं तिनं दोनदा विचारलंय.
पहाटेचे तीन. खाली भट्टी पेटली,
तळपायांखालची फरशी कोमट होतेय.
सांगलीत आता साडेआठ, धाकटी डबे भरत असेल.
घराच्या वाटणीपासून आम्ही बोललेलो नाही.
नंबर लावलाय. वाजतोय.
उचललाच, तर आधी
तिच्या दाढेचं विचारीन.