पस्तीस दिवस

रक्त चार अंशांवर ठेवायचं,
हे मला झोपेतही सांगता येईल.
एकतीस वर्षं ब्रिस्टलच्या रक्तपेढीत
लाल पिशव्यांना तारखा लावल्या,
रात्री-बेरात्री फ्रिजचा भोंगा वाजला की
गाउनवर कोट चढवून
टॉटरडाउनचा उतार धावत उतरले.

मिस्टर पेंगेली म्हणतात, तेरा.
वाइन तेरा अंशांवर ठेवायची, आडवी,
अंधारात, धक्का न लागता.
त्यांचं तळघर बंदराजवळ, रस्त्याच्या पोटात.
डोक्यावरून बस गेली की दिवा किंचित हलतो
आणि ते वर बघतात,
बाळ नुकतं झोपलंय आणि कुणी बेल वाजवली तसं.

"ही बोर्दो. बारा बाटल्यांची पेटी.
आज चोवीसशे पौंड.
आता पंधरा वर्षं विसरून जा."

आणि पेटी घरी न्यायची नाही.
ती राहणार विल्टशरच्या गोदामात,
कर न भरलेली, कुलपात.
माझ्या हाती एक कागद, त्यावर एक नंबर,
आणि दरवर्षी भाड्याचं बिल.
मूल वसतिगृहात ठेवल्यासारखं,
फक्त पत्र यायचं नाही.

हेरंबने वीजबिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडला.
भाडं, विमा, विकताना दलाली, वजा महागाई.
तो थेंबभर पीत नाही, साखर आहे त्याला,
पण चक्रवाढ व्याजाची नशा कॉलेजपासूनची.
पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला,
"वाईट नाही. पण मुरायला फार वेळ लागतो ना गं?"
मी म्हटलं, "मुरेल. पण वाइन मुरली की पाणी,
ते मी शहात्तरची झाल्यावर कळणार."

सोमवारी होय, गुरुवारी नाही.
एकदा तर फॉर्म भरत भरत
वारसाच्या रकान्यापर्यंत पोचले.
ईराला लीड्सला फोन केला.
"आई, मी आता व्हीगन आहे.
वाइनमध्ये अंड्याचा पांढरा बलक घालतात म्हणे,
विचारून सांगशील?"

आकड्यांचं मला फारसं काही वाटत नव्हतं.
पिशवी पस्तीस दिवस टिकते.
छत्तिसाव्या दिवशी मीच ती डब्यात टाकायची,
त्या रात्री घास गोड लागायचा नाही.
वर कुणीतरी वाट बघत असायचं:
मोटरसायकलवरून पडलेला पोरगा,
अडलेली बाळंतीण,
किंवा मिस्टर ऑडली, दर महिन्याला दोन पिशव्या,
डिसेंबरात काठी टेकत खाली आमच्याकडे यायचे
आणि बिस्किटांचा डबा ठेवून म्हणायचे,
"या महिन्याचं रक्त फार छान होतं."

म्हणून मी पेंगेलींना विचारलं,
"हे शेवटी पितं कोण?"
त्यांनी चष्मा पुसला.
"हाँगकाँगचा कुणी न्यूयॉर्कच्या कुणाला विकेल.
मग तो…"
वरून बस गेली.
दिवा हलला. त्यांनी वर बघितलं.
वाक्य तसंच राहिलं, आडवं.

पेटी घेतली नाही.
एक बाटली घेतली, अठ्ठावीस पौंडांची.
पेंगेलींनी ती अगदी अदबीनं कागदात गुंडाळली
आणि मनातल्या मनात मला
किरकोळ गिऱ्हाइकांच्या वहीत ढकललं.

जिन्याखाली, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी
तिला निजवली.
तिथलं तापमान मोजलं: सतरा.
वहीत टिपलं. हात ऐकत नाही.
मग पांढरी चिकटपट्टी फाडून
तारीख घातली,
आजपासून पस्तिसावा दिवस.

तो मंगळवार निघाला.
हेरंबने कॅलेंडर बघितलं,
"बुधवारी सकाळी काचेचा डबा बाहेर ठेवायचा असतो.
बरोबर जमलं."