तुकडेजोड

मुहर्रकच्या ऑफिसात एसी सतरावर,
बाहेर ऑगस्ट, काचेला बाहेरून दव.
स्क्रीनवर दोन पॉलिगॉन:
डावीकडे जुना किनारा, वेडावाकडा, चार हजार दोनशे बिंदूंचा,
उजवीकडे भराव, सरळ रेघांचा,
त्याला अवघे एकोणीस पुरले.
फवाझसाहेब म्हणाले, एक करून दे, जेवणाच्या आधी.

एकच ओळ लिहायची असते.
फंक्शनचं नाव युनियन.
आमच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ संप,
आणि कपाटावरची वडिलांची पत्र्याची पेटी.
इथे अर्थ एवढाच:
कडा एकमेकींना छेदतील तिथे नवा बिंदू ठेव,
जी कड दुसऱ्याच्या पोटात गेली ती टाकून दे,
उरलेल्या ओवत जा,
निघालास तिथे परत ये.

गावी मोजणीला उभा राहिलोय मी.
तिथे सगळं गणित वाटणीचं,
हिस्सा, पोटहिस्सा, पोटहिश्शाचाही पोटहिस्सा,
दर वर्षी वीतभर कोरलेला बांध.
जोडायचं कसं
हे समुद्रापलीकडे येऊन शिकलो,
तेही दुसऱ्यांच्या जमिनीवर.

एन्टर दाबला.
बाहेरची कड एक.
आत छिद्रं अकराशे त्रेचाळीस.

नाझीम परकार खुर्ची ओढून बसला.
हर्णैचा. मोजपट्टी धरून तीस वर्षं ह्याच किनाऱ्यानं चाललेला.
'येवढी भोका कसली रे?'
फटी, मी म्हटलं. किनारा दोनदा मोजलाय,
एकदा होडीतून, दोरीनं, कुणी कधीचा,
एकदा आकाशातून.
दोघांचं जुळत नाही, मधे चिंध्या राहतात,
केसाएवढ्या.

मग त्याला दिशा दाखवली.
बाहेरची कड घड्याळाच्या उलट चालते,
छिद्राची घड्याळाबरोबर,
त्यावरून यंत्राला कळतं
जमीन कुठली, पोकळी कुठली.
तो काचेवर बोट फिरवत राहिला, एकदा असं, एकदा तसं.
'म्हंजे भायेर तवाफ,
न् आत तुमची प्रदक्षिणा.'
मी हसलो.
मग हसू थांबवून तपासलं.
बरोबर होतं.

किती लहान म्हणजे नाहीच
हे यंत्राला एकदा सांगून टाकावं लागतं.
मी पाव मीटर सांगितलं.
अकराशे बेचाळीस मिटली,
एकाचीही तक्रार आली नाही.

एक उरलं.
जुन्या किनाऱ्याची खाच,
तिच्या तोंडावर भरावाची सरळ रेघ आडवी बसलेली.
परकार खुर्चीतून पुढे वाकला.
ओहोटीला तिथं गुडघाभर खारं पाणी असायचं,
आणि तळातून वर येणारं गोडं.
खलाफ नावाचा म्हातारा कोळी
चामड्याची पिशवी उलटी धरून खाली जायचा
आणि समुद्रातून
प्यायचं पाणी घेऊन वर यायचा.
'पयल्या वर्साला मी पण पियालोय.
जरा गंधकाचा वास. पण गोडा.'

ह्या फंक्शनला शेवटी एक प्रश्न जोडता येतो:
छिद्रं बुजवायची का?
तीनशे अकरा चौरस मीटर.
फवाझसाहेब मागे येऊन उभे राहिले होते.
नकाशात पाण्याला खातं नाही, ते म्हणाले,
रागानं नाही. त्यांचे आजोबाही मोत्यांना बुडणारे.
मग म्हणाले, जेवण थंड होतंय,
आणि ते खरंच होत होतं.

मी हो लिहिलं.
आकृती भरीव झाली, सलग,
एकाच रंगाची.
फाईलला नाव दिलं 'अंतिम', मग 'अंतिम दोन'.
पहिली पुसली नाही,
कुठे ठेवली तेही कुणाला सांगितलं नाही.

परकारनं डबा उघडला,
तांदळाची अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली,
तोडताना सरळ रेघ काही आली नाही.
आणि बाटलीचं झाकण फिरवल्यावर
का कोण जाणे,
आम्ही दोघांनीही आधी पाण्याचा वास घेतला.