चौकशी

गुरुवारी रात्री ओटा पुसून झाला की
मी फोन घेऊन बसते, आमच्या चेंबूरच्या
साडेतीनशे चौरस फुटांत,
आणि हेरंब वही काढतो.
वहीवर लिहिलंय : गॅस, दूध, इतर.
आमच्या सहली ‘इतर’मध्ये मोडतात.

शनिवार-रविवार. सोमवार चोरता आला तर तोही.
मुंबईपासून तीन-चार तासांत पोचता यावं
आणि खोलीला नुसता नंबर नसावा,
स्वभाव असावा.

स्वभाव म्हणजे काय, सांगणं अवघड.
टॉवेलचा हंस म्हणजे नव्हे;
त्याची मान मोडल्याशिवाय अंग पुसता येत नाही.
कर्जतच्या रिसॉर्टात सगळं होतं :
तीन तरणतलाव, फोटो काढायला बैलगाडी
(बैल नव्हते),
आणि घरी आल्यावर आम्हां दोघांनाही
भिंतींचा रंग आठवेना.

म्हणून मी हल्ली आधी दर विचारत नाही.
विचारते, खिडकी उघडते का?
जिन्याची कितवी पायरी वाजते?
सकाळचा चहा कोण करतं, नाव काय त्यांचं?
पलीकडचे गडबडतात.
“मॅडम, एसी आहे,” म्हणतात,
जणू मी कसला आळ घेतलाय.
एकानं तर दबक्या आवाजात विचारलं,
“आपण इन्कमटॅक्सच्या का?”

माथेरानला जमलं होतं एकदा.
सहा नंबरची खोली. कपाटाचं दार लावलं
की न्हाणीघराचं उघडायचं.
हेरंब अंधारात उठून पुनःपुन्हा लावून बघत होता.
वहीत त्यानं लिहिलं : दारांचं आपसात पटतं. परत जाणे.

आणि आक्षीला, रजिस्टरवर मांजर झोपलेलं.
मालक म्हणाले, उठलं की नाव लिहा.
आम्ही निघेपर्यंत ते उठलं नाही.
दोन रात्री राहिलो, जवळा-भाकरी खाल्ली, पैसे दिले,
पण त्या लॉजच्या लेखी
आम्ही कधी आलोच नाही.

या गुरुवारी बोर्डीला फोन लावला.
खूप वेळ वाजला. मग एक बाई, गुलचेहेर नाव,
श्वास लागलेला.
“वाईट आधी सांगते,” म्हणाल्या, “मग ठरवा.
गरम पाणी बंबाचं, आणि बंब माझ्याहून म्हातारा.
पाच नंबरच्या पलंगाला मधे खळगा आहे,
माणसं आपोआप मधे येतात,
तेव्हा भांडून येऊ नका.
रात्री चिकूवर वटवाघळं. लई बोंबलतात.
आणि समदर दिसत नाही.
माझ्या मुलानं जाहिरातीत दिसतो म्हणून छापलंय.
खोटं आहे. भरती असली तर ऐकू येतो.”

“आणि चांगलं?” मी विचारलं.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.
मग दाराची कडी.
मला वाटलं, विसरल्या की काय.

“ते तुम्ही येऊन मला सांगा, डिकरी.
एकोणसत्तर वर्षं मी हितंच आहे.
मला आता दिसत नाही ते.”

हेरंबनं लिहिलं : बोर्डी. पाच नंबर. खळगा.
दोनदा अधोरेखित केलं, पेनाला टोपण लावलं,
आणि उठून दिवा मालवायच्या ऐवजी
मूठ कानाला लावली.
“हॅलो. चेंबूर का?
दोघांसाठी जागा मिळेल?”

मी आजूबाजूला पाहिलं.
खिडकीला टेकू म्हणून खोचलेला डाव.
तीनवर ठेवला की टकटक करणारा पंखा.
उलटा फिरवावा लागणारा नळ,
पाहुण्यांना दर वेळी नव्यानं शिकवावा लागणारा.

“वाईट आधी सांगते,” मी म्हटलं,
आणि सांगत बसले.
साडेबारा वाजून गेले.
दर त्यानं विचारलाच नाही.