वाय फॉर याक

उणे एकतीस. बालवाडीच्या दारात
मोज्यांवर मोजे चढवलेला मी
बूट काढायला वाकतो, तर समोर
सतरा जोड आधीच ओळीत उभे,
एकेक माझ्या तळहाताएवढा,
आतून लोकरीचा, अजून ऊबदार.

मुलाखतीत ओयुनबिलेगबाईंनी विचारलं होतं,
इंग्रजी तुमची मातृभाषा का?
म्हणालो, नाही, पाचवीपासूनची आहे.
पडद्यावर त्या क्षणभर थिजल्या.
नेट गेलं होतं की माझी नोकरी,
ते अजून कळलेलं नाही.

डी.एड. होऊन सहा वर्षं.
भरती निघणार, निघणार म्हणत
जिंतूरला झेरॉक्सच्या दुकानात
दुसऱ्यांच्या गुणपत्रिकांच्या प्रती काढल्या.
आणि आता हे एर्देनेत :
तांब्याची खाण, खाणीकडे निघालेल्या बसगाड्या,
धुराड्यातून काठीसारखा सरळ उभा धूर,
मीठ घातलेला चहा.

मुलं बग्श म्हणतात, म्हणजे मास्तर.
नाव विचारलं. हणमंत, मी म्हणालो.
'ह' त्यांच्या घशात जरा खरवडला
आणि मी खानमंत झालो.
कागदोपत्री नाही, पण बढतीच.

पहिल्या तासाला चित्रांचे पत्ते.
एम फॉर मँगो. कुणी ओळखेना.
तेमूलेन म्हणाला, बटाटा.
नोमिन म्हणाली, आजारी बटाटा.
मी कोपरापर्यंत रस ओघळवून,
डोळे मिटून, कोय चोखून दाखवली.
सारांतुया, माझी मदतनीस,
तिनं न बोलता रुमाल पुढे केला.

मग वाय.

आमच्या पाचवीत चोपडे सर
छडीनं फळा बडवत म्हणायचे, वाय फॉर याक.
याक म्हणजे काय, सर?
असतो एक. पुढे चला.
केस वाढलेली म्हैस, असं मी ठरवून टाकलं
आणि वीस वर्षं तेवढ्यावर भागलं.

पत्ता वर धरला आणि वर्ग फुटला :
सार्लग! सार्लग!
एनेरेलच्या आजोबांकडे चाळीस आहेत,
एकाचं शिंग मोडकं, एक तिची टोपी चाटतो,
थंडीत त्यांच्या नाकाखाली बर्फ लोंबतो,
दुधावर साय अशी येते की चमचा उभा राहील.
सारांतुया भाषांतर करून करून दमली.
शेवटी एनेरेलनं विचारलं,
बग्श, तुम्ही हात लावलाय त्याला?
नाही.
सतरा तोंडं उघडी.
मग तो असतो हे तुम्हाला सांगितलं कुणी?

गडबडीत हजेरी राहिली होती. ती घेतली.
शेवटचं नाव, खिडकीशी बसलेला,
सकाळपासून एक अक्षर न बोललेला :
अंगाराग.
मी पुन्हा वाचलं.
जुना शब्द आहे, सारांतुया म्हणाली,
मंगळ. मंगळवारसुद्धा.
मंगळवारचा जन्म असेल, किंवा लामांनी सुचवलं असेल.
अंगारकीला आई
चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा मोजून प्यायची,
आणि ढग असले की मला गच्चीवर पिटाळायची,
बघ रे, आला का.
हे आता सांगायचं कुणाला, कुठल्या भाषेत.
फळ्यावर ट्यूसडे लिहिलं,
त्याच्याकडे बोट केलं : यू.
तो हसला नाही.
खिडकीच्या काचेवर साचलेलं बर्फ
नखानं खरवडत राहिला.

घरी जायच्या वेळी दारात एकच धांदल.
टोप्या, हातमोजे, आया, एक रडणारं धाकटं भावंड.
मी गुडघ्यावर बसून बूट घालत होतो,
निम्मे उलट्या पायांत.
अंगाराग सगळ्यांत शेवटी आला.
त्यानं पाय पुढे केला, घालून घेतला,
बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि एक बोट वर करून म्हणाला,
वन.

टू शोधायला
आम्ही दोघं बाकड्याखाली शिरलो.