एका खात्यात दोघं मावत नाहीत

एप्रिल लागून आठवडा झाला
तरी अ‍ॅशलंडच्या खाडीत बर्फ अजून बसून आहे,
उठायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
ग्रंथालयाच्या तळघरात हीटर खोकतो.
मिसेस ओस्ट्रँडर आमचे कागद
पत्त्यांसारखे पिसतात, मग एकावर थांबतात.
"लाइल, हे काय करून ठेवलंस?"

लाइलनं काय केलं होतं, तर
कागद गिरणीच्या दर पगारातून थोडेथोडे कापून
आजारपणाच्या खात्यात टाकले होते.
कुटुंबाची मर्यादा आठ हजार पाचशे पन्नास,
वर पंचावन्न ओलांडल्याचे त्याचे हजार,
आणि डिसेंबरात, स्वतः बँकेत जाऊन,
त्याच खात्यात माझे हजार.
मला न सांगता. नाताळला सांगू म्हणून.
नाताळात त्याला सर्दी झाली, राहून गेलं.

"तिचे हजार तिच्याच नावाच्या खात्यात हवेत," बाई म्हणाल्या.
"रिटर्न दोघांचं एक चालतं. हे खातं नाही चालत."
कायद्याला जोडपं दिसतं,
वय मात्र तो एकेकट्याचं मोजतो.
हे त्या म्हणाल्या नाहीत,
मला पार्किंगमध्ये सुचलं.

"आठ हजार पाचशे पन्नास कसेही वाटा.
निम्मे-निम्मे, सगळे याचे, सगळे हिचे,
तुमचं तुमच्यात ठरलं की झालं.
पण ते हजार ज्याचे त्यानेच."
आता ते बाहेर काढायचे,
त्यांनी मिळवलेल्या दोन-चार डॉलरांसकट,
पंधरा तारखेच्या आत.
नाहीतर सहा टक्के दंड,
दरवर्षी, पडून राहतील तितकी वर्षं.
प्रेमानं केलेल्या चुकीला
वेगळा दर नाही. मी विचारलं.

लाइल बोटांवर काहीतरी मोजत होता.
"दोघं सडे असतो, आपापल्या विम्यावर,
तर चार हजार तीनशे प्रत्येकी.
म्हणजे आठ हजार सहाशे.
मग पन्नास डॉलर गेले कुठे?"
"लग्नात," बाई म्हणाल्या, मान वर न करता.
तो इतका हसला
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी शुक् केलं.

घरी येऊन मी खातं उघडलं.
छप्पन्नाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
गार झालेलं भांडं कोपरानं सरकवत.
नाव. जन्मतारीख. नोकरी: शाळेची बस चालवते.
मग तो रकाना.
तुमच्यानंतर हे कुणाचं?

हात तिथे थांबला.
कारण गेल्या वर्षी माझ्या दाढेचं बिल
कुणी भरलं, मला माहीत आहे.
लाइलच्या खात्यातले जुने पैसे जनेलचे.
दवाखान्याच्या खिडकीशी बसून
तिनं पै-पै बाजूला टाकली होती, गुडघ्यासाठी.
गुडघ्याची पाळी आलीच नाही.
ती गेली त्या दिवशी तिचं खातं त्याचं झालं,
कर नाही, प्रश्न नाहीत. नवरा, एवढं पुरलं.
आणि त्याच्या हातून ते माझ्या तोंडात आलं,
खाली, डावीकडून दुसरी.
मी तिला कधी भेटले नाही.
सफरचंद खाते तिच्या जिवावर.

लिहिलं: लाइल. पती.
हजार डॉलर पाठवले. स्क्रीनवर हिरवी खूण आली.
बाहेर खाडीवर काहीतरी तडकलं, बर्फ असेल.

आणि तू,
माझ्यानंतर त्याच्या टेबलाशी बसशील कदाचित,
तर दोन गोष्टी ऐकून ठेव.
तो गॅरेजचा दिवा विझवत नाही.
कुणाचे हजार कुणाच्या खात्यात टाकेल, नेम नाही.
चष्मा मात्र चांगला घे.
काटकसर करू नकोस.