लांबीची खूण

लिएपायात नोव्हेंबरला चार वाजताच अंधार होतो.
संग्रहालयाच्या तळघरात मी, उल्दिस, एक हीटर
आणि खोकाभर तबकड्या:
किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी सांगितलेलं काहीबाही.

प्रत्येक तबकडीला नाव. नावाला बत्तीस घरं.
पहिल्या घरात आठ, नाहीतर सोळा,
म्हणजे एका अक्षराला एक घर पुरतं की दोन लागतात.
शेवटच्या घरात लांबी.
वाचताना वाटतं, यात काय आहे.

पण नियमपुस्तक म्हणतं, लांबी म्हणजे वापरलेली घरं.
पहिलं घर धरून की सोडून?
तिथे पुस्तकाची दातखीळ बसते.
परिशिष्टात एक उदाहरण आहे,
तेही कोऱ्या नावाचं.

उल्दिस म्हणतो, धरून.
मी म्हणते, सोडून.
तिसरी कॉफी याच वादात गार झाली
आणि मग ही तबकडी निघाली:

स्काइद्र+ते.

बाईच्या नावात बेरीज!
आमच्या दीर्घ ई-च्या डोक्यावर एक आडवी रेघ असते,
तिला आम्ही म्हणतो गारुमझीमे, लांबीची खूण.
त्या अक्षराला दोन घरं लागतात.
कुठल्याशा यंत्राने आठ लिहून एकच दिलं,
वरचं अर्धं छाटलं,
आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ निघाला: अधिक.
कुणी ध चा मा केला नव्हता.
जागा कमी होती, बस.

शेवटच्या घरात नऊ.
उल्दिसच्या हिशोबाने आठच अक्षरं,
बाई त्‌-पाशी अडखळून संपते.
लांबीच्या पलीकडे सगळी शून्यं हवीत
आणि तिथे ए उभा,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
मी बोट ठेवलं. "हा कुठून आला?"
उल्दिसने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"बरं," म्हणाला, "सोडून."

मला चेव आला.
म्हटलं, आता + दिसला की दीर्घ ई करू,
दोन ओळींचं काम.
काही न बोलता त्याने खोक्याच्या तळातून
एक तबकडी काढून पुढे सरकवली:
युरिस+वेल्गा.
कुल्दीगातलं लग्न, जूनमधलं.
माझ्या दोन ओळींनी त्या दोघांचा
एकच लांबलचक, अनोळखी माणूस झाला असता.

तेव्हा अधिक तसाच ठेवला.
प्रोग्रामात टीप लिहिली:
नियम संदिग्ध. लांबीपुढे शून्य नसेल तर
अक्षरावर विश्वास ठेवावा.
आणि वेष्टणावर पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं,
रेघेसकट. रेघ जरा जास्तच लांब झाली.

तबकडी लावली. आधी खरखर, मग खुर्ची सरकली,
मग कुणीतरी विचारलं, नाव सांगा.
तिने सांगितलं. मधली ई अशी ओढली
जशी जाळं ओढतात, हळू, दोन्ही हातांनी.
त्यात किती घरं मावतील ते पुस्तकात नाही.

पुढची तबकडी:
पहिल्या घरात आठ, लांबी एक, बाकी शून्य.
आता याला नाव नाही म्हणायचं
की नाव आहे, पण रिकामं?
पुस्तक उघडायला मी हात पुढे केला.
उल्दिसने हीटर स्वतःकडे वळवून घेतला.